हातचा

मी आले त्या आठवड्यात ते तिघे गेले.
रेडमंड टूही, अँब्रोज डेलाहंट
आणि तो उंच लँबर्ट क्रॉफ्टन,
ज्याचा कोट खुंटीवर राहिला पुढची चार वर्षं.
बॅलिनाच्या शाखेत तोवर बाई यायची ती फरशी पुसायला.
मिस्टर प्रिंगलनी मला स्टूल दाखवलं.
माझे पाय टेकत नव्हते.

डेलाहंटनं खतावणी हाती दिली,
मध्ये खुणेला टीपकागद.
पेन्स बारा झाले की शिलिंग, शिलिंग वीस झाले की पौंड,
हातचा विसरू नका मिस स्कॅली,
सगळं बुडतं ते हातच्यापायी.

बाजाराच्या दिवशी नोटांना पीटच्या धुराचा वास,
मॉय नदीवरच्या कोळ्यांच्या नाण्यांना खवले चिकटलेले.
सोन्याची नाणी गेली, कागद आला.
मी मोजत होते.

मग सुव्हला.
क्रॉफ्टनची तार आली.
त्याच्या बहिणीनं खातं बंद केलं, सही करताना निब मोडलं.
डेलाहंटची तार नाही. बेपत्ता, एवढंच.
बेपत्ता माणसाचा पगार थांबत नाही;
अकरा महिने मी तो त्याच्या आईच्या खात्यावर टाकला,
पहिल्या तारखेला, काळ्या शाईनं.
ती यायची, पासबुकातला आकडा बघायची,
एक पेनीही काढायची नाही.
जमा होतंय म्हणजे तो आहे,
इतका सरळ तिचा हिशेब.

बाराव्या महिन्यात डब्लिनहून पत्र:
मृत्यू सुव्हलाच्या पहिल्याच आठवड्यातला,
सबब अकरा नोंदी उलटवाव्यात.
मी लाल शाई मागितली.
प्रिंगलसाहेबांनी दौत सरकवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.
अकरा ओळी. त्या तिच्या पासबुकात उतरवायला
तिच्या घरी जायचं होतं.
मी गेले नाही.

टूही परतला एकोणीस साली,
उजवी बाही पिनेनं वर टाचलेली.
गाव तेव्हा दुसऱ्याच लढाईत होतं.
ज्या गणवेशात तो गेला
त्याच गणवेशाच्या लॉऱ्या आता पुलावर उभ्या,
आणि स्टेशनवर बँड वाजवणारे
त्याच्या खिडकीची रांग सोडून माझ्या खिडकीशी यायचे.
तो कुणाला काही म्हणाला नाही.
पदक पाकिटात घालून, वर लाख लावून तिजोरीत ठेवलं.
पावती घेतली नाही.

लिहिता येईना.
तो तोंडानं बेरीज करायचा, मी लिहायचे.
चार खाली, हातचे दोन.
सात खाली, हातचा एक.
दिवसातून शंभर वेळा तोच शब्द.
कधी मध्येच थांबायचा,
बाहीकडे न बघता,
आणि मी टाक धरून बसायची
की आता किती.

बावीस साली डेलाहंटची आई गेली.
खातं मिटवायला आम्ही दिवा लावून बसलो.
चौदापासून अनामतीत सहा पेन्स पडून होते,
जास्तीचे, मालक सापडत नव्हता.
जुन्या भरणा-पावत्या सोडल्या, सुतळीची धूळ झाली.
त्याच्या शेवटच्या दिवसाची एक, आईच्या नावची,
डेलाहंटच्या हातची: सात पेन्स.
मी एक वाचला होता.
त्याचा सात असाच,
नाक न वळलेला, काठीसारखा.

टूही हसला. त्या खोलीत पहिल्यांदाच.
जहाजावर पत्त्यांचे गुण हाच मांडायचा, म्हणाला,
माझे सात ह्याच्या वहीत एकच व्हायचे,
आणि वर हा...
वाक्य तिथंच सोडलं.
मग डाव्या हातानं टाक उचलला
आणि नाव नसलेल्या त्या सहा पेन्सांपुढे
नव्यानं शाळेत घातलेल्या पोरासारखं
वाकडंतिकडं लिहिलं: डेलाहंट.

मी विचारलं, साताला आडवी रेघ देऊ?
पुढं कुणी बघेल त्याला कळेल.

नको, म्हणाला. राहू दे.