फीलर गेज

खिशात फीलर गेज घालून
मी कॅम्पात मॅन्डोलिन घ्यायला गेलो.
शैला म्हणाली, चिंचवडचा फ्लॅट घेताना
नळसुद्धा सोडून बघितला नव्हतास.

पिंपरीच्या प्रेस शॉपात एकतीस वर्षं
मी माल पास केला, नाहीतर परत पाठवला.
'बरं वाटतंय' हा शेरा
आमच्या रजिस्टरात चालत नसे.

लोबोंनी काउंटरवर गालिच्याचा तुकडा पसरला
आणि दोन मांडली.
एक साडेसोळा हजारांचं. एक एकतीस.
साडेचारवालं भिंतीवरच राहिलं;
ते वाढदिवसाला द्यायचं, म्हणाले, वाजवायचं नाही.

मी कामाला लागलो.
बाराव्या पडद्यावर तारांखाली पात्या सरकवल्या:
दीड मिलिमीटर, आणि दीडला किंचित कमी.
मान डोळ्याला लावून पाहिली. दोन्ही सरळ.
स्वस्ताच्या एका खुंटीला पाव फेऱ्याची ढील.
आठ तारा, चार जोड्या.
जोडी नीट मिळाली तर दोन तारांची एक होते,
नाही मिळाली तर आमचे शेजारी:
भिंत एक आणि बोलणं बंद.

एकाचं पोट प्लायचं, दाबून वळवलेलं.
ते काम मला पाठ. साचा, दाब, पुढचा.
दुसऱ्याचं अखंड स्प्रूसचं, कोरून काढलेलं.
त्यावरच्या रेषा मोजल्या, इंचाला अठरा.
म्हणजे झाडाची अठरा वर्षं.
म्हणजे माझी नोकरी पावणेदोन इंच.

फरक साडेचौदा हजार.

मग लोबोंनी वाजवलं. आधी हे, मग ते.
मला दोन्ही सारखीच.
परत म्हणालो. परत सारखीच.
तिसऱ्या वेळी लोबोंनी माझ्याकडे न बघता
हातातली नखी पुसली.

तो फरक कुठे गेला ते मला माहीत होतं.
कंपनीच्या दवाखान्यात दर दोन वर्षांनी
एक आलेख काढायचे,
उजवीकडे रेघ पर्वतीच्या पायऱ्या उतरायची,
आणि डॉक्टर म्हणायचे, जरा जपा.
जपायला कापसाचे बोळे मिळत. शिफ्टला दोन.

शैलाला म्हणालो, पाठ कर.
ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली,
पर्स छातीशी धरून, लसीच्या रांगेत असल्यासारखी.
लोबोंनी क्रम बदलत पाच वेळा वाजवलं.
पाचही वेळा तिनं बरोबर सांगितलं.
काय कळतं तुला?
एक थांबतं, ती म्हणाली.
आणि एक थांबल्यावरही थोडं असतं.

हा शेरा कुठल्या रकान्यात लिहायचा?
जे मला ऐकूच येत नाही
त्याचे पैसे मी का मोजायचे?
वाजवणार मी. कणीक मळताना ऐकणार ती.
ग्रॅच्युइटी माझ्या नावावर,
रात्रपाळीचे डबे कुणाच्याच नावावर नाहीत.

शैला म्हणाली, सोळावालं घे, उरलेल्यात गीझर बदलू.
खरंच म्हणाली.
गीझर खरंच गळतो.

लोबोंनी महागाचं उचललं, माझ्या गळ्याखालच्या हाडाला टेकवलं,
आणि म्हणाले, छेडा.
मी सगळ्यात जाड जोडी छेडली.
कानात नवीन काही नाही. हाडात मात्र
पहाटे पहिला प्रेस सुरू होताना
बुटातून जमीन जे कळवायची, तसलं काहीतरी.

एकतीस.
घासाघीस केली, नाहीतर पुण्यात राहून काय उपयोग.
लोबोंनी रुपया सोडला नाही.
तारांचा एक जास्तीचा संच दिला
आणि एक जुनी पेटी, कडी तुटलेली.
कडीवर मी मनातल्या मनात लिहिलं:
दुरुस्तीच्या अटीवर पास.

बसमध्ये पेटी शैलाच्या मांडीवर.
दापोडीच्या पुलावर ती हळूच म्हणाली, मग गीझरचं काय?
मी म्हणालो, काय?
ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.

पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.