रुमालाखाली

बी.एस्सी. दुसरं वर्ष, शुक्रवारचं प्रॅक्टिकल.
इस्माईलभाई ट्रे आणून ठेवतात:
बेडकाचा पाय, पारव्याचा पंख,
वटवाघळाची बोटं, छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली,
आणि तांब्याच्या तारेनं ओवलेला
बैलाचा पुढचा पाय.

"आकृती काढा, नावं द्या," बिरादार मॅडम म्हणतात,
"आणि बैलाचा गुडघा म्हणता ना तुम्ही,
तो गुडघा नाही.
ते मनगट."

माझी पेन्सिल थांबते.
मी हेड्याची पोरगी.
हाळीच्या बाजारात चालायला शिकले,
शाळेआधी दात ओळखायला लागले:
अदंत, दोनदाती, चारदाती, जुळलेला.
किती गुडघे चाचपलेत या हातांनी,
सूज बघितली, ऊन बघितलं,
आणि एवढी वर्षं मी
मनगटं धरत होते?

मॅडम खडूनं फळ्यावर खाली उतरत जातात.
ह्यूमरस. रेडिअस, अल्ना. कार्पल म्हणजे हे खडे.
तळहाताची दोन हाडं जुळून एक झालेली.
खूर म्हणजे तिसऱ्या नि चौथ्या बोटाचं नख,
मागं लोंबतात त्या खुट्या दुसऱ्या नि पाचव्याच्या.
"आणि अंगठा?" मागून शेषेराव.
"गेला."
"कुठं, मॅडम?"
वर्ग हसतो. मॅडम हसत नाहीत.
"सावकाश गेला. कोट्यवधी वर्षं लागली.
कुणाला दुखलं नाही."

माझ्या बाबांची करंगळी एका दुपारी गेली.
दाव्याचा फास, बुजलेला वळू,
हिसका.
मी त्यानंतरची. आई सांगते,
सुईणीकडून दोनदा मोजून घेतली बोटं,
दहाच्या दहा भरली तेव्हा कुठं पाणी प्याली.
कापलेलं पुढं उतरत नसतं.
परीक्षेत पाच मार्कांना येतं हे.

पण रुमालाखाली अजून घोळ होतो.
नवखा व्यापारी बाबांचा पंजा धरतो,
पाच हजार म्हणायचे असतात त्याला
आणि हातात भरतात चारच.
जुनी माणसं मात्र
त्या रिकाम्या जागेवर दाबतात
आणि बाबा ती मोजतात.

बाजारच्या दिवशी सांगितलं मी त्यांना,
देवणीचा गोऱ्हा दावणीला उभा होता.
हात ठेवून दाखवलं, "बाबा, हे मनगट हाय त्याचं."
वाटलं, म्हणतील, याच्यासाठी फी भरायलो का गं.
ते गोऱ्ह्याकडंच बघत राहिले.
"आसंल," म्हणाले,
"बसताना आधी हातच टेकतंय की मंग."

जर्नलमध्ये लिहावंसं वाटलं होतं हे.
नाही लिहिलं. तिथं रकाना नव्हता.

मग औशाचा एकजण आला, लाल रुमाल पडला.
वर दोन चेहरे, बाभळीकडं बघणारे,
कशाशी देणंघेणं नसल्यासारखे.
खाली बोटं चालू.
आणि मला कापडाच्या आतलं दिसायला लागलं:
एक हाड, मग दोन, मग खडे, मग बोटं.
पारव्यानं घातला असता हात त्या रुमालात,
वटवाघळानं, बेडकानं,
मी कधी न बघितलेल्या देवमाशानं,
तरी चाचपून कळलं असतं,
हा आपल्यातलाच,
फक्त याचा भाव निराळा ठरलाय.

सौदा तुटला. बत्तीस.
पावतीवर बाबांनी निळा अंगठा उठवला,
बोट धोतराला पुसलं.
गोऱ्ह्याला कुणी काही विचारलं नाही.
टेम्पोच्या फळीवर त्यानं
आधी एक हात ठेवला,
जरा थांबला,
मग दुसरा.