एकोणिसावी पावती

मुदत कुठून सुरू होते, विचारलं मी खैरनार वकिलांना,
जुन्या सीबीएसजवळच्या त्यांच्या पोटमाळ्यावर,
जिथे खाली झेरॉक्सचं मशीन दिवसभर दात खातं.
मला वाटलं होतं, हुकूमनाम्याच्या तारखेपासून.
किंवा रंगनाथनं फोन उचलणं बंद केलं तेव्हापासून,
किंवा अंबडच्या आमच्या प्लेटिंगच्या शेडला
बँकेनं टाळं ठोकलं, त्या मंगळवारपासून.

"नाही," ते म्हणाले. "हुकूमनामा नऊ लाखांचा, दोघांवर मिळून.
बँकेनं कुणालाही धरावं; तुम्ही सापडलात.
त्यातले साडेचार तुमचेच. त्यांच्यासाठी रडायचं नाही.
त्यापुढचा पहिला रुपया ज्या दिवशी भरलात
तिथून तीन वर्षं.
आणि भरल्याचा दिवस मोजायचा नाही."

पंचवीस-पंचवीस हजारांचे हप्ते.
अठरा पावत्या माझ्या.
एकोणिसावी रंगनाथची, माझ्या नावाची.

एकोणीस-वीसचा फरक, म्हणायचा तो,
निकलचा थर पातळ बसला की.
गिऱ्हाइकाला दिसत नाही.
मला दिसायचा.

रात्री बिस्किटांच्या डब्यातून काढून
पावत्या फरशीवर मांडल्या.
एकोणिसावी: चौदा नोव्हेंबर. मागे तेलाचा डाग.
तेव्हा आठवलं.
बँकेतून बाहेर पडलो तर हा पायरीवर, हेल्मेट काखेत,
म्हणाला, चल, मिसळ खाऊ.
रस्सा दोनदा मागवला त्यानं, पापड माझाही खाल्ला.
तुझ्या वाट्याचं भरायला लागलोय आजपासून,
हे मी बोललो नाही.
त्यानं विचारलं नाही.
बिल मीच दिलं.
हाच तो दिवस, जो कायदा मोजत नाही.

आज अकरा तारीख.
शेवटचा दिवस रविवार आला तर सोमवार मिळतो म्हणे,
बाकी दाव्याला उशिराची माफी नसते.
कॅलेंडर पाहिलं. चौदा तारखेला शुक्रवार.

पण टाळेबंदीत सहा कामगार होते, दोन महिने.
पगार कुठून आले, मी विचारलं नव्हतं.
पुढे एका साखरपुड्यात विमलवहिनींनी ताट पुढे केलं,
हातात नुसत्या काचेच्या बांगड्या.
पाटल्या कुठे गेल्या, हे तेव्हाही नाही विचारलं.
त्याची पावती कुठल्या डब्यात?
तिची मुदत कधीच संपली असेल.
किंवा सुरूच झाली नसेल,
त्या घरात कुणी मोजायला बसलंच नाही म्हणून.

सकाळी वकालतनाम्यावर सही केली.
म्हणालो, साडेचारातून बहात्तर हजार कमी करा.
खैरनारांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कागद आहे काही?"
नाही.
"मग कारण काय लिहू?"
खालचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलेलं.
लिहू नका काही, म्हणालो.
नुसतं वजा करा.