सहाशे ऐंशीच्या खाली

पंप चालू ठेवायचा की नाही,
प्रश्न खरं तर एवढाच.
पण टोरांटोहून आलेल्या कागदाने त्यासाठी
चौदा पानं घेतली आहेत
आणि पंप हा शब्द त्यात एकदाही नाही.

मी किट्वेच्या ऑफिसात बसून आकडे भरते.
शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात मी आहे:
आकडेवारी – मुकुका सिंकाला.

तांब्याचा भाव पडला आणि शाफ्ट अर्ध्यावर थांबला.
एकोणीस कोटी डॉलर खाली गेले,
वर आलं ते फक्त पाणी.
एक भागीदार म्हणतो, कळ काढा, भाव फिरेल.
दुसरा म्हणतो, विका मिळेल त्या पैशात,
बुडत्याने काडीची घासाघीस करू नये.
तिसरा फोनवर असतो, बोलत नाही.
बँक त्याची आहे.

ब्वेम्ब्या रोज सकाळी सहाला पातळी कळवतो.
खाणीवर उरलेल्या दोघांतला एक तो,
दुसरा फाटकावर.
"आज दोन बोटं वर, बा मुकुका."
मीटरमध्ये सांगत जा, मी म्हटलं.
तो म्हणाला, मीटर लोखंडी पट्टीवर होते
आणि पट्टी गेल्या बुधवारी चोरीला गेली.

ताळेबंदात बोटं लिहिता येत नाहीत.
मी चार सेंटीमीटर लिहिते,
त्याची बोटं जाड आहेत असं गृहीत धरून.

यंदा कारिबाच्या धरणात पाणी नाही, म्हणून वीज नाही.
वीज नाही, म्हणून खाणीत पाणी.
हे वाक्य मी अहवालात घातलं होतं.
वरून शेरा आला: विनोद नको.

मग मार्चमध्ये निर्णय झाला.
म्हणजे विकायचं नाही, बंदही करायचं नाही,
सहाशे ऐंशी मीटरच्या खालचं तेवढं सोडून द्यायचं.
त्याला त्यांनी नाव शोधलं: नियंत्रित पूर.
शोधणाऱ्याला बोनस मिळाला असावा.
माझ्या तक्त्यातून एक रकाना गेला
आणि महिन्याचे दोन लाख दहा हजार डॉलर वाचले.
बेरीज मी तीनदा तपासली. बरोबर होती.
ते बरोबर असणं
मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

ब्वेम्ब्याला सांगायला मीच गेले.
त्याच्या बायकोने न्शिमा वाढला, सोबत सुकी कापेंटा.
जेवण होईपर्यंत कुणी खाणीचं नाव काढलं नाही.
मग तो म्हणाला, "खालचा पंप तरी वर काढू?"
काढायचा खर्च पंपाहून जास्त आहे.
"कोणी काढला हा हिशेब?"
मी हात धुवायला उठले.

आता तळाला कुणी उतरत नाही.
त्याने दोरीला दगड बांधलाय,
पाच-पाच मीटरवर एक गाठ, एकूण चव्वेचाळीस,
आणि तो ओल्या गाठी मोजतो.
परवा विचारलं त्याने,
पाणी सहाशे ऐंशीला टेकलं की फोन करायचा
की तिथेही पुढचा कागद यायची वाट बघायची?

प्रश्न मी टोरांटोला पाठवला.
उत्तर आलं: पुढच्या बैठकीत घेऊ.
बैठकीची तारीख ठरायची आहे.

आज सकाळी सहाला फोन वाजला.
एकतीस कोरड्या.