पहिल्यांदाच बघितल्यागत

मगदूम मॅडमनी माझ्या तळहातावर एक बेदाणा ठेवला
आणि म्हणल्या, ह्याच्याकडं बघा,
जन्मात पहिल्यांदाच बघितल्यागत.

मी तासगावची.
एकोणीस वर्षं शेडमधे पट्ट्यापुढं उभी.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा पाटीत.
रात्री डोळे मिटले तरी पापणीआड पट्टा चालूच.
मला सांगता व्हय, बेदाणा बघा?

हसू आलं.
संक्रांतीपासनं पहिल्यांदा आलं
आणि आलं ते थांबेना.
पुढं त्या हसण्याचं काय झालं ते मॅडमनी बघितलं,
पाण्याचा गिलास सरकवला,
बोलल्या नाहीत.

त्या दिवशी शेडात गंधकाची धुरी होती, रोजचीच.
हात पट्ट्यावर होता आणि हात माझा नव्हता.
काळीज घशात. बोटांना मुंग्या.
शेजारची हलिमा म्हणली, विमल, खाली बस आधी.
मला वाटलं, झालं. हार्ट.
कागदावर रेघा चांगल्या आल्या.
डॉक्टर म्हणले, काही नाही.
साडेतीनशे रुपये देऊन
'काही नाही' घेऊन घरी आले.

सासू म्हणली, बाहेरचं असंल.
दीर म्हणला, रिकामं डोकं.
तेवढं रिकामं असतं
तर झोपले नसते का?
नवरा काही म्हणला नाही.
गाडी काढली, सांगलीला सिव्हिलच्या दारात सोडलं
आणि चहाच्या गाड्यावर पाठमोरा उभा राहिला,
ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून.
तरी सोडलं.

मॅडमचे शब्द जिभेवर नीट बसत नव्हते.
पॅनिक अटॅक म्हणल्या.
आमच्यात जीव घाबराघुबरा होतो, मी म्हणलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
ॲन्झायटी म्हणजे मग घोर असंल.
पोरगी दोनला कॉलेजातनं निघते, साडेतीनला पोचते,
तेवढ्या वेळात मी तिला रोज
कुमठे फाट्यावर मारते, मनातल्या मनात,
कधी टँकरखाली, कधी नुसतीच.
हां, त्या म्हणल्या. तेच.

ट्रिगर म्हणल्यावर बंदुकीचा घोडाच डोळ्यापुढं आला.
त्या म्हणल्या, काय झालं की सुरू होतं?
आणि बंद खोलीत माझ्या नाकाला वास आला.
तीन वर्षांमागं ह्याच वासात फोन आला होता,
आई गेल्याचा.
मुकादम म्हणला, गाडी भरून होऊ दे, मग जा.
मी गाडी भरली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
मला पण नव्हतं सांगितलं.

बाउंड्री मात्र शिकवायला लागली नाही.
बांध म्हणजे काय हे आम्हाला कळतं,
आणि बांध कोरणारा लांबचा नसतो
हे पण.
गाडी भरून होऊ दे म्हणल्यावर
नाही म्हणायचं असतं, एवढंच राहिलं होतं शिकायचं.
अजून तोंडातनं निघत नाही. घरी म्हशीपुढं म्हणून बघते.

फाइलवर आणखी एक शब्द आहे, डी पासनं.
डी मला येतो, पोरीच्या डिप्लोमामुळं.
त्याला आपल्यात काय म्हणतात, मॅडमनी विचारलं.
उदास म्हणावं तर उदास नव्हते,
उदास व्हायला पण अंगात काहीतरी लागतं.
वेलीवर घड सुकतो
पण बेदाणा होत नाही,
तसं.
त्या म्हणल्या, शब्द नसला तर नसू दे. हे राहू दे.

तर तो बेदाणा.
घामानं तळहाताला चिकटला होता.
सुरकुत्या बघितल्या, देठाची टोचलेली जागा बघितली.
जिभेवर ठेवला.
आधी काहीच नाही.
मग डिपिंग ऑइलचा पुसट वास, मग आंबट.
गोड फार उशिरा आलं.
शेडात खाल्ला की पगार कापायचे,
चोरून खाल्लेल्याची चव कुठं लागते?

काय वाटतंय, मॅडमनी विचारलं.
किलोला काय दिलेत, मी विचारलं.
त्यांनी भाव सांगितला.
फसवलंय तुम्हाला, म्हणलं.
दोन नंबरचा माल आहे हा.
पुढच्या बुधवारी
मी घेऊन येते.