ओट्याचे दोन फूट

जिंतूर रोडला आधी तीन घरं पाहिली.
पहिल्या ठिकाणी विचारलं, आडनाव काय.
सांगितलं.
मग म्हणाले, कुत्रंबित्रं नाही ना?
आहे म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं,
दुसरं कारण सांगावं लागलं नाही.

चाऊस चाचांनी चहा दिला.
बिल्ली होती तो अब्बी चाबी देता, म्हणाले,
अन् गेटाबाहेर टिकलीला बिस्किटं टाकली,
हातभर अंतर राखून,
पण अख्खा पुडा.

तिसरीकडं पाण्याचा हिशेब निघाला.
नळ दहाव्या दिवशी, माणशी दोन घागरी,
कुत्रीला किती धरायच्या?
माझ्यातलंच देईन म्हटलं.
बाई म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात ओ,
मग उन्हाळा येतो.
त्यांचंही खरं होतं.

मी भूमी अभिलेखला आहे.
दिवसभर लोकांच्या हद्दी काढते.
कोणाचा बांध कोणाच्या रानात किती सरकला,
धुऱ्यावरची बोर कोणाची.
भाऊ भावाकडं न बघता साखळीचं टोक धरतो.
माझ्या नावावर कुठल्याच गटात एक आर नाही,
हे ऑफिसात कोणी विचारत नाही.
टिकली मात्र बिनफीची मोजणी करते:
खांब, टायर, खांब,
पुन्हा तोच खांब.
पावती नाही, हरकत नाही, अपील नाही.

शेवटी कच्छवे काकांची रस्त्याकडची खोली.
बाबाराव कच्छवे, वीज मंडळातून रिटायर.
बाँडावर अकरा महिने,
डिपॉझिट पंधरा हजार, भिंतीला खिळा नाही,
अन् कलम सातवं, पेनानं वाढवलेलं:
कुठलेही जनावर ठेवता येणार नाही.
मी सही केली.
टिकली समोरच्या लिंबाखाली बसून
माझ्या हाताकडं बघत होती.
ते मला दिसलं नाही असं नाही.

ती कधी आत आली नाही.
तिला कसं कळलं, ठाऊक नाही.
ओट्यावरची शहाबादी फरशी रात्री उशिरा निवते,
तिथं अंगाचं मुटकुळं करून पडायची.
आत मी, दाराला पाठ लावून.
मधी बोटभर जाडीची फळी.
तिनं कूस बदलली की
माझ्या पाठीला कळायचं.

काका सकाळी म्हणायचे,
कामून बसवायलीस तिला ओट्यावर?
कलम वाचलंस ना?
हो काका.
मग?
मग मी ओट्यावर पाणी शिंपायचे,
अर्धा तांब्या.

एप्रिलात टेबलावर सिटी सर्व्हेचा नकाशा आला,
दुसऱ्याच कुणाच्या कामाचा.
आमची गल्ली त्यात होती.
उगंच स्केल लावून पाहिलं.
काकांच्या मिळकतीची रेषा दारापाशीच संपत होती.
ओटा सगळा रस्त्यात.
दोन फूट.
कोणाचेच नाहीत, म्हणजे सरकारचे,
म्हणजे थोडे टिकलीचेही.

घरी आले. भांडायला नाही, खरंच नाही.
नुसतं विचारलं,
काका, ओटा कधी बांधला हो?

त्यांनी चष्मा काढला,
शर्टाला पुसला, पुन्हा घातला.
माझ्या खांद्यावरच्या ऑफिसच्या पिशवीकडं बघितलं,
मग टिकलीकडं.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
तिची वाटी तेवढी कडंला सरकव,
मुंग्या व्हायल्यात.

रात्री लाईट गेली.
दार उघडं टाकून बसले.
टिकली झोपली होती, मोजून दोन फुटांत.
मागचा एक पाय मात्र
उंबऱ्याच्या आत.
तो मी नोंदीत घेतला नाही.