नानकिंग, नववी ब

फैजपूरच्या शाळेत, डिसेंबरात,
पुस्तकातली ओळ होती तशी फळ्यावर उतरवली:
'१९३७, नानकिंगची घटना.'
बाहेर केळीचा ट्रक भरत होते,
घड मोजणाऱ्याचा आवाज वर्गात येत होता.

सुपडू तायडे उठला, शेवटच्या बाकावरून.
"सर, घटना तर घडते.
हे तर कोणीतरी केलंय ना?"

मी 'घटना' पुसून 'कत्तल' लिहिलं.
मग तिच्याआधी 'जपानी सैन्याने केलेली',
मग 'निःशस्त्र माणसांची', मग 'बायांची, पोरांची',
ओळ फळ्याच्या चौकटीला जाऊन टेकली.

"किती, सर?"
कोणी दोन लाख म्हणतं, कोणी तीन.
"नावं?"

त्याच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून
याला जन्मताच सुपात घालून ओढलं होतं,
मरणाला वाटावं, कोंडाच असेल.
नाव कशासाठी ठेवतात
हे त्या पोराला माझ्याहून जास्त ठाऊक.

मला एकही सांगता आलं नाही.
नदीचं सांगितलं: यांगत्से.
त्याने तेच वहीत लिहून घेतलं,
जोडाक्षर दोनदा खोडून.

बाहेर चालूच होतं,
एकशे चार, एकशे पाच